पुण्याच्या संघासाठी कोण झुरतं?

ऑक्टोबर २०२५ ची सुरुवात. त्या शनिवारी सिएटलमध्ये आमच्या बेसबॉल संघाचा, मरिनर्सचा, प्लेऑफचा म्हणजे साखळीनंतरच्या फेऱ्यांचा पहिला सामना होता आणि गावात दुसरा विषय नव्हता. समोर क्लीव्हलंड येणार की डेट्रॉइट, ते अजून ठरायचं होतं. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ब्रायन वू याच्या छातीचा स्नायू दुखावला होता, तो खेळेल का? डेट्रॉइट आलं तर टॅरिक स्कूबलच्या चेंडूंना कोण पुरून उरणार? आमच्या कॅल रॅलीने त्या मोसमात ६० होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकारच, मारले होते, तेही मुळात कॅचर असून, म्हणजे बहुतेक दिवस यष्टिरक्षकासारखं पायांवर बसून. तरी एमव्हीपीचा, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, मान न्यूयॉर्क यँकीजच्या एरन जजला देणार का? ऑफिसात न्यूयॉर्कचा एक जण आहे. त्याच्याशी या प्रश्नावरून माझी रोज जुंपायची आणि रोज आम्ही दोघं एकत्रच जेवायला जायचो.

या संघाचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही, त्यांना हे वेड कळायचं नाही. मरिनर्स १९७७ पासून खेळतात. मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या ३० संघांपैकी वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत, एकदाही न पोचलेला हा एकमेव संघ. २००१ साली त्यांनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले आणि तरी प्लेऑफमध्ये यँकीजकडून हरले. त्यानंतर प्लेऑफ दिसलं ते थेट २०२२ साली. तेव्हा घरच्या मैदानावर ह्यूस्टनविरुद्धचा सामना १८ डाव चालला, सहा तासांहून जास्त, आणि शेवटी ०-१ अशी हार. पुढची दोन वर्षं प्लेऑफ अगदी थोडक्यात हुकलं. मग २०२५ च्या २४ सप्टेंबरला २००१ नंतर प्रथमच विभागाचं विजेतेपद मिळालं आणि त्याच रात्री रॅलीने ५९ वा आणि ६० वा होमरन मारला. साठावा चेंडू एका चाहत्याच्या हाती लागला, तर त्याने तो शेजारच्या मुलाला देऊन टाकला.

इथली थट्टाही या दुःखातूनच आलेली आहे. संघाचे सूत्रधार जेरी डिपोटो २०२३ च्या मोसमानंतर म्हणाले होते की दशकभरात ५४ टक्के सामने जिंकणं हे आपलं उद्दिष्ट. लोक भयंकर चिडले. २०२५ मध्ये १६२ पैकी ९० जिंकल्यावर तेच लोक एकमेकांना हिशेब करून दाखवत होते की साडेपंचावन्न टक्के झाले. त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला एका चाहत्याने ऑनलाइन बाजारातून चक्क एक चेटकीण गाठली, तिला पैसे दिले आणि संघासाठी मंत्र घालायला सांगितलं. मग संघ ओळीने दहा सामने जिंकला! सामन्याच्या मध्ये माशांचे पोशाख घालून शर्यत होते, तिच्यातला हंपी नावाचा सॅमन मासा २०२५ च्या साखळी मोसमभर एकदाही जिंकला नव्हता. त्याच्यासाठीही हजारो लोक घसा फोडून ओरडत होते. हरणाऱ्यावर जीव लावायची या लोकांना सवय आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

पुण्यातल्या मित्रांशी मात्र जून २०२५ पासून वेगळाच वाद चाललाय. आरसीबीने अठरा मोसमांनंतर आयपीएल जिंकली आणि बेंगळुरूत चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचे प्राण गेले. तेव्हापासून एकाचं पालुपद असतं, ‘आपल्या लोकांना खेळ बघताच येत नाही.’ पुराव्यादाखल २०२४ ची आयपीएल येते. वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कप्तानाची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली होती. परदेशात राहणाऱ्याने यावर मान डोलवावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मी डोलवत नाही. त्याच २०२४ च्या जुलैत त्याच वानखेडेवर विश्वचषक घेऊन आलेल्या हार्दिकच्या नावाचा गजर झाला. आणि इथले प्रेक्षक काही संत नाहीत. जून २०२५ मध्येच शिकागोत एका तरुणाने केटेल मार्टे या बेसबॉलपटूला त्याच्या दिवंगत आईवरून असं काही ऐकवलं की तो खेळाडू मैदानातच रडला. त्या तरुणाला मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर बंदी घातली गेली. लोकांची जात सगळीकडे सारखीच असते. त्यांना खेळापर्यंत कसं जाऊ दिलं जातं, यात फरक पडतो.

मरिनर्स घरच्या मैदानावर वर्षाला ८१ सामने खेळतात. आयपीएलमधला संघ साखळीत घरी सात सामने खेळतो. वानखेडेवर माणसं मावतात साधारण ३३ हजार, आणि त्यातल्या सामान्य माणसाच्या वाट्याला येणारी तिकिटं किती, ते मुंबईकराला विचारा. इथे मंगळवारच्या रात्री वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढून कुणीही बसू शकतं. लाइट रेलचं स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे. घरचा डबा आणि सीलबंद पाण्याची बाटली आत नेता येते. त्यामुळे आमची मराठी कुटुंबं तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन जातात, आजी-आजोबा भारतातून आलेले असले तर तेही येतात. आत बिअर महाग आहे, पार्किंग महाग आहे, प्लेऑफचं तिकीट तर परवडण्याच्या पलीकडे, ते खरंच. पण एप्रिलच्या थंडीत पंधरा-वीस डॉलरमध्ये जो संघाला हरताना बघतो, तो ऑक्टोबरमध्ये त्याला शिव्या घालत नाही. राग असतो, पण तो घरच्या माणसावरचा असतो.

वारंवार जायला मिळालं की माया जडते, हे उलट बाजूनेही दिसतं. सिएटल ऑर्काज हा अमेरिकी क्रिकेट लीगमधला आमच्या शहराचा संघ. क्रिकेटवेड्या भारतीयांच्या या गावात तो सगळ्यांचा लाडका व्हायला हवा होता. पण त्याचे सामने २०२५ पर्यंत सिएटलमध्ये झालेलेच नाहीत, म्हणून त्याच्यासाठी जीव टाकणारं कुणी दिसत नाही.

आणि आता पुण्याकडे बघा. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर एकदाही नाही. ऐंशीहून जास्त वर्षं झाली! याच संघाकडून भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर आला असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. २०१४ साली आपण अंतिम फेरीत पोचलो आणि कर्नाटककडून हरलो. यातल्या एकेका गोष्टीवर सिएटलने वर्षानुवर्षं उसासे टाकले असते, पोरांना गोष्टी सांगितल्या असत्या. पुण्यात ही हुरहुर कुणाला आहे? मुंबईने ४२ करंडक जिंकले, विदर्भाने २०१८ पासून तीन, आणि आपल्याला वाईटसुद्धा वाटत नाही, हे मला खरोखर लागतं.

मित्र म्हणतात, चार दिवसांचा सामना कामाच्या दिवशी कोण बघणार? मान्य. पण जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला आला तेव्हा हजारोंनी लोक आले आणि तो सहा धावांवर बाद होताच उठून गेले. वेळ होता, ओढ एका माणसाची होती. संघाची ओढ लावायला कुणी काही केलेलंच नाही. पूर्वी सामने स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर, भर गावात व्हायचे. आता मोठं मैदान द्रुतगती मार्गालगत गहुंजेला आहे. मुलाने सायकल काढून दुपारी दोन तास सामना बघून यावं, ही सोयच उरली नाही.

२०२५ चा रणजी मोसम १५ ऑक्टोबरला सुरू झाला. त्या मोसमात ऋतुराज गायकवाड होता, मुंबईचा पृथ्वी शॉही आपल्याकडे आला. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने निदान एखादा सामना गावातल्या मैदानावर खेळवावा. गहुंजेच्या सामन्यांना शिवाजीनगर आणि स्वारगेटहून पीएमपीच्या बस सोडाव्यात, शाळांना बोलवावं, दारावर पाण्याची बाटली आणि डबा काढून घेऊ नये. आणि मित्रांनो, तुम्ही रणजीच्या मोसमात एक दिवस पोरांना घेऊन जा. संघ हरला तरी जा.