'डब्ल्यूएल टाका आणि विसरा' म्हणणाऱ्यांना

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं आणि वायफाय दिसेना, की एक सल्ला हमखास मिळतो: "ब्रॉडकॉमचं कार्ड आहे ना? मग कंपनीचा डब्ल्यूएल ड्रायव्हर टाक. सगळ्या कार्डांना चालतो, वेग जास्त देतो, कंपनीचा म्हणजे सुरक्षित, आणि एकदा टाकला की बघायला नको." (ब्रॉडकॉम ही वायफाय चिप बनवणारी कंपनी, आणि डब्ल्यूएल हा तिचा बंद कोडचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर.) या चार दाव्यांपैकी एकच खरा आहे, आणि तोही अर्धा.

सगळ्या कार्डांना चालतो? ४३०६ आणि ४३१८ या क्रमांकांची जुनी कार्डं त्याच्या यादीतच नाहीत. ती बी४३ या लिनक्समधल्या खुल्या (कोड सगळ्यांना मोकळा असलेल्या) ड्रायव्हरवर चालतात. ४३६०२ ला बीआरसीएमएफमॅक हा दुसरा खुला ड्रायव्हर लागतो. ४३१३, ४३२२४ आणि ४३२२५ साठी तर खुद्द ब्रॉडकॉमनेच २०१० साली खुला ड्रायव्हर दिला, ज्याचं आजचं नाव बीआरसीएमएसमॅक. म्हणजे 'कंपनीचा ड्रायव्हर' म्हटलं की डब्ल्यूएलच, हेही चूक. (४३१३ वर या खुल्या ड्रायव्हरने सिग्नल कमी मिळतो, अशा तक्रारी आहेत; तिथे डब्ल्यूएल लावून बघणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.) आधी टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' ही कार्डांची यादी देणारी आज्ञा चालवा आणि १४ई४ या ब्रॉडकॉमच्या ओळखक्रमांकाच्या पुढचा आकडा वाचा. तोही नीट वाचा, कारण १४ई४:४३१२ दिसलं तर चिप ४३११ असते, आणि खऱ्या ४३१२ चा आकडा ४३१५ असतो. इथे बरेच जण फसतात.

वेगाचा दावा अर्धा खरा. बी४३ मध्ये ८०२.११एन या वायफायच्या वेगवान पिढीचे वेग नाहीत, ५४ मेगाबिटवर तो थांबतो. ४३२२ किंवा ४३३१ असेल तर डब्ल्यूएल पुढे जातो, हे मान्य. पण ४३१२ हे कार्डच बी आणि जी या त्याआधीच्या पिढ्यांपुरतं आहे. त्याला कुठलाही ड्रायव्हर लावा, ५४ च्या वर काय मिळणार?

'कंपनीचा म्हणजे सुरक्षित' हा सगळ्यांत धोकादायक समज. डब्ल्यूएलची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, साल २०१५. डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफाय सुरक्षेची नवी पद्धत, आली तीच त्यानंतर, २०१८ मध्ये. २०१९ मध्ये डब्ल्यूएलमध्ये मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिलं जाण्याच्या दोन त्रुटी जाहीर झाल्या: सीव्हीई-२०१९-९५०१ आणि ९५०२ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंदक्रमांक). त्याच वेळी बीआरसीएमएफमॅकमध्येही दोन सापडल्या होत्या; त्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दुरुस्त झाल्या. डब्ल्यूएलची नवी आवृत्ती मात्र कंपनीने काढलीच नाही. निक्सओएस या लिनक्स वितरणाने तर हे पॅकेज असुरक्षित म्हणूनच नोंदवलं आहे. खुल्या बाजूवाल्यांनीही फार ताठ होऊ नये म्हणा: बी४३ चा कोड मोकळा असला तरी त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा कोड) ब्रॉडकॉमच्याच जुन्या ड्रायव्हरमधून कापून काढावं लागतं.

राहिलं 'बघायला नको'. डब्ल्यूएलचा गाभा बंद फाइलमध्ये, आणि भोवतीचा थोडा कोड डीकेएमएस हे साधन तुमच्या कर्नलवर बांधतं. कर्नल बदलला की पुन्हा बांधणी. कर्नल हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइल) नसतील किंवा वितरणाने नव्या कर्नलसाठी पॅच लावलेला नसेल, तर अपडेटनंतर वायफाय गायब. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे बांधलेल्या ड्रायव्हरवर, सही करून किल्ली नोंदवायचं कामही तुमच्याच गळ्यात. शिवाय हे पॅकेज बी४३ आणि बीआरसीएमएसमॅक ब्लॅकलिस्ट करतं, म्हणजे त्यांना सुरू होऊ देत नाही. डेबियनवर ते नुसतं 'रिमूव्ह' केलं तर ती यादी मागे राहते आणि खुला ड्रायव्हर काही केल्या उठत नाही; 'पर्ज', म्हणजे सेटिंगच्या फाइलींसकट साफ, करावं लागतं.

४३६० किंवा ४३५२ असेल, म्हणजे २०१३ ते २०१७ च्या मॅकबुक एअरसारखं यंत्र, तर खुला पर्याय नाही. तिथे डब्ल्यूएलच टाका, पण जुना कर्नल काढून टाकू नका आणि अपडेटच्या वेळी फोनचं यूएसबी टेदरिंग हाताशी ठेवा. साध्या लॅपटॉपमध्ये मात्र इंटेल किंवा अथेरॉसचं कार्ड बसवणं मला जास्त पटतं, फक्त काही जुन्या एचपी आणि लेनोवोचं बायॉस अनोळखी कार्ड दिसलं की सुरूच होत नाही, हे विकत घेण्याआधी तपासा.