पीतज्वराचा शोध ‘चोरला’? मग ती पत्रं एकदा वाचाच

दरवर्षी 20 ऑगस्टला, म्हणजे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले त्या तारखेला, फोनवर डासांचे मेसेज घोंघावू लागतात. त्यातला एक मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. त्याचा सारांश असा: क्यूबाच्या कार्लोस फिनले या डॉक्टरने पीतज्वर (यलो फीव्हर) डासामुळे होतो हे 1881 मध्येच सिद्ध केलं होतं. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीडने तो शोध चोरला आणि फिनलेचं नावही घेतलं नाही. सहकाऱ्यांना मरायला सोडून तो स्वतः पळून गेला. गरीब स्पॅनिश मजुरांना काही न सांगता डास चावून मारलं. आणि हे सगळं उघडं पाडणारी पत्रं आजही दडवून ठेवलेली आहेत. खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

गोऱ्यांनी श्रेय लाटलं हे आपल्याला पुराव्याशिवाय पटतं, कारण पुष्कळदा ते खरंच असतं. इथेही त्यात सत्याचा अंश आहे. पण मेसेजमध्ये तो जिथे दाखवलाय तिथे नाही.

पत्रं दडवल्याचा आरोप आधी घेतो, कारण तो मिनिटभरात निकालात निघतो. ही पत्रं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयात आहेत. रीड याच विद्यापीठातून 1869 मध्ये, अठरा वर्षंही पुरी व्हायच्या आत, डॉक्टर झाला होता. पानन् पान स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलंय, कुणीही घरबसल्या वाचावं. ती जमवली फिलिप हेंचने. कॉर्टिसोनच्या कामासाठी 1950 चं नोबेल मिळालेला तोच हा डॉक्टर. 1937 पासून त्याला या विषयाचं वेडच लागलं होतं. प्रयोगात भाग घेतलेले जे कुणी हयात होते त्यांना तो पत्रं लिहीत राहिला, क्यूबात जाऊन प्रयोगाची जागा धुंडाळली, आणि तिथे दोनपैकी एक लाकडी खोली तेव्हाही उभी असलेली त्याला सापडली. पुस्तक लिहायचा बेत होता, ते झालं नाही. 1965 मध्ये तो वारला आणि त्याच्या पत्नीने सगळा संग्रह विद्यापीठाला दिला. ‘दडवणं’ म्हणतात ते हेच असेल, तर आपल्याकडच्या कितीतरी दप्तरांच्या नशिबी असं दडवणं यावं!

आता फिनलेने 1881 मध्ये ‘सिद्ध केलं’ याविषयी. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण खरी गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी रंजक आहे.

14 ऑगस्ट 1881 रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे फिनलेने डासाचं नाव घेऊन हा सिद्धांत मांडला, आणि डासही नेमका तोच सांगितला. आज आपण ज्याला एडिस इजिप्ती म्हणतो, जो मुंबई-पुण्यात कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि टेरेसवरच्या टायरांत अंडी घालून डेंग्यू पसरवतो, तोच हा. जगातल्या इतक्या डासांमधून नेमक्या गुन्हेगारावर बोट ठेवणं, तेही रॉसच्या सोळा वर्षं आधी, ही साधी गोष्ट नव्हे. पण बोट ठेवणं वेगळं आणि पुरावा देणं वेगळं. पुढच्या एकोणीस वर्षांत फिनलेने शंभरावर माणसांना डास चावू देऊन पाहिले, तरी निकाल कधी स्वच्छ आला नाही. घोडं अडलं ते दिवसांच्या हिशेबात. रोग्याचं रक्त प्यायलेला डास तो दोन-चार दिवसांत दुसऱ्या माणसाला चावू द्यायचा. प्रत्यक्षात विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण बारा दिवस लागतात. शिवाय रोग्याच्या रक्तातून तो डासाला मिळतो तोही आजाराच्या पहिल्या तीनेक दिवसांतच. म्हणजे डास बरोबर होता, तारखा चुकत होत्या. त्यात हवाना हे पीतज्वराचं माहेरघर. फिनलेचा एखादा माणूस आजारी पडला तरी टीकाकार म्हणायचे, त्याला ताप शहरातूनच लागला कशावरून नाही?

हा तारखांचा गुंता सोडवला तिसऱ्याच माणसाने, आणि त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. हेन्री रोज कार्टर हा क्वारंटाइन खात्यातला डॉक्टर. 1898 मध्ये मिसिसिपीतल्या ऑरवुड आणि टेलर या खेड्यांत साथ आली, तेव्हा कोण कुठल्या घरी कोणत्या दिवशी गेलं याची त्याने नोंद ठेवली. घरात पहिला रोगी आजारी पडल्यावर लगेच भेटायला आलेल्यांना काही झालं नाही. दोन-अडीच आठवड्यांनी आलेले मात्र आजारी पडले, रोगी तोवर घरात नसला तरी! मधल्या काळात काहीतरी पिकत होतं. कार्टरचा हा अवधी आणि फिनलेचा डास एकत्र ठेवले की कुलूप उघडतं. पीतज्वराच्या तपासासाठी 1900 मध्ये क्यूबात आलेल्या अमेरिकी लष्कराच्या आयोगाने ते उघडलं. आयोगात रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझीर आणि मूळचा क्यूबाचाच अरिस्तिदेस अग्रामोंते असे चौघे होते. प्रयोगाला लागलेले डास फिनलेनेच दिलेल्या अंड्यांतून वाढवलेले.

मग रीडने फिनलेचं नाव घेतलं नाही का? घेतलं, आणि पहिल्याच निबंधात. ऑक्टोबर 1900 मध्ये इंडियानापोलिसच्या सभेत वाचलेल्या प्राथमिक टिपणात फिनलेचे आभार आहेत: भेट दिल्याबद्दल, एकोणीस वर्षांतलं लेखन हाती सोपवल्याबद्दल, आणि डासांच्या अंड्यांबद्दल. ते छापील आहे. पण छापील आभार कुणीही मानतो. मला जास्त मोलाचं वाटतं ते 9 डिसेंबर 1900 चं, बायकोला, एमिलीला लिहिलेलं पत्र. यशाच्या धुंदीत असलेला रीड तिथे म्हणतो की सिद्धांत फिनलेचाच होता आणि तो सुचवल्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण तो सिद्ध करायला त्याने काहीच केलं नाही, म्हणून सगळ्यांनी, अगदी लष्करी वैद्यकखात्याचे प्रमुख जनरल स्टर्नबर्ग यांनीसुद्धा, तो झिडकारला. ‘काहीच केलं नाही’ हे साफ अन्यायाचं आहे. एकोणीस वर्षं लोकांची टिंगल सोसत प्रयोग करणाऱ्या माणसाबद्दल असं लिहायला मोठा अहंकार लागतो. पण चोरी केलेला माणूस खाजगी पत्रात, बायकोजवळ, माल कुणाचा ते सांगत बसत नाही.

त्याच महिन्यात, 22 डिसेंबरला, हवानाच्या डॉक्टरांनी फिनलेच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. फिनलेचं नाव मागे पडलं ते नंतर: वॉशिंग्टनच्या लष्करी इस्पितळाला 1909 मध्ये रीडचं नाव लागलं तेव्हा, आणि पाठ्यपुस्तकांत एकाच नायकाची गोष्ट सोयीची ठरली तेव्हा. नोबेलसाठी फिनलेचं नाव वेळोवेळी सुचवलं गेलं, एकदा तर खुद्द रॉसने. मिळालं नाही. याबद्दल राग येत असेल तर तो योग्यच आहे, फक्त पत्ता चुकवू नका.

रीड पळून गेला हा आरोप वाचून मीही पहिल्यांदा चमकलो होतो, कारण तारखा वरवर तसंच सांगतात. 27 ऑगस्ट 1900 ला कॅरोलने रोग्याला चावलेला डास स्वतःच्या हातावर बसवून घेतला आणि तो मरता मरता वाचला. 25 सप्टेंबरला लझीर गेला, वय 34. या सगळ्या काळात रीड वॉशिंग्टनमध्ये. पण तो क्यूबातून निघाला ऑगस्टच्या सुरुवातीला, डास माणसांना चावू लागण्याच्या आधी. कारण होतं टायफॉइडचा अर्धवट राहिलेला सरकारी अहवाल. त्या कामातला त्याचा सहकारी एडवर्ड शेक्सपिअर जूनमध्ये वारला होता. कॅरोल धोक्याबाहेर असल्याची बातमी आली तेव्हा, 7 सप्टेंबरला, रीडने त्याला पाठवलेल्या पत्रात आनंदाच्या आरोळ्या आहेत, आणि सोबत एकच प्रश्न: हे डासाने केलं का? माणूस जगला याचा आनंद आणि प्रयोग जमला का ही हाव, दोन्ही एकाच लखोट्यात.

त्याहून बोलकं पत्र आहे 25 सप्टेंबरचं, लष्करातला डॉक्टर मेजर कीन याला लिहिलेलं. आपले सहकारी तापाने पडत असताना आपण सुरक्षित देशात बसलोय याची लाज वाटते, असं तो लिहितो. वरिष्ठांनी परत जाऊ नकोस असं सुचवलंय, पण काम चालू आहे तोवर आपली जागा क्यूबातच, असंही. आणि त्याच पत्रात, रोगाने भरलेला डास मात्र मी स्वतःला चावू देणार नाही, तो निव्वळ मूर्खपणा ठरेल! हे पत्र लिहिलं त्याच दिवशी संध्याकाळी तिकडे लझीर गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रीड परत आला आणि शेवटपर्यंत त्याने डास चावून घेतला नाही. त्याला पळपुटा म्हणता येत नाही आणि वीरपुरुषही. शाईने लिहून ठेवलेला एक सावध माणूस, एवढंच.

लझीरचं पत्र वाचताना मात्र घशात काहीतरी अडकतं. 8 सप्टेंबरला तो बायकोला लिहितो की आपण खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असं वाटतं, पण अजून कुणाकडे बोलू नकोस, मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती नुकतीच बाळंत झालेली. सतरा दिवसांत हा गेला. त्याला डास अपघाताने चावला की त्याने मुद्दाम चावून घेतला, हा वाद अजून मिटलेला नाही, कारण त्याची खिशातली वही रीडकडे आली होती आणि 1902 मध्ये रीड वारल्यावर ती गायब झाली. या प्रकरणातला खरोखर हरवलेला कागद कोणता विचाराल, तर तो हा.

उरला स्पॅनिश मजुरांचा मुद्दा. ‘न सांगता’ हे खोटं आहे आणि ‘मारलं’ हेही. लझीरच्या नावाने उभारलेल्या कॅम्पवर नोव्हेंबर 1900 पासून प्रयोग झाले आणि तिथला एकही स्वयंसेवक दगावला नाही. एका खोलीत तीन अमेरिकी वीस रात्री झोपले, रोग्यांच्या ओकारीने आणि विष्ठेने माखलेल्या चादरींवर. कुणाला काही झालं नाही, म्हणजे कपड्यांवाटे ताप पसरतो ही समजूत निकालात निघाली. दुसरी खोली स्वच्छ, मधोमध तारेची जाळी, एका बाजूला डास. जॉन मोरन हा स्वयंसेवक डासांच्या बाजूला जाऊन आडवा झाला आणि नाताळच्या दिवशी तापाने पडला. जाळीपलीकडचे, तीच हवा श्वासात घेणारे, ठणठणीत.

स्पॅनिश मजुरांशी मात्र लेखी करार झाले, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. 26 नोव्हेंबर 1900 चा, अंतोनियो बेनिग्नोचा करार संग्रहात आहे. भाग घेतल्याबद्दल शंभर डॉलर सोन्यात, ताप आला तर आणखी शंभर, मेला तर त्याने नेमलेल्या माणसाला. कॅम्प सोडून गेला तर पैसे बुडाले. वय पंचविसाच्या वर. हाफकिनने 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली, तो हाच काळ. त्या काळात सोन्याची रक्कम आणि सही असलेला असा कागद दुर्मिळच.

पण हा करार सावकाश वाचा. ताप आल्यास जिवाला ‘काही अंशी’ धोका आहे, असं त्यात म्हटलंय. ज्या रोगाने आयोगाच्याच एका सदस्याचा दोन महिन्यांपूर्वी बळी घेतला, त्याबद्दल ‘काही अंशी’! पुढे असं की या बेटावर राहून संसर्ग टाळणं पूर्णपणे अशक्य असल्याने, उत्तम उपचार मिळतील या भरवशावर सही करणारा तो मुद्दाम घ्यायला तयार आहे. पूर्णपणे अशक्य? वर्षभरात अमेरिकी लष्कराचा आरोग्याधिकारी गॉर्गस याने हवानातली पिंपं झाकली, डबक्यांवर तेल ओतलं, आणि 1900 मधले 310 मृत्यू 1901 मध्ये 18 वर आले. 1902 मध्ये शून्य. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या, खिशात काही नसलेल्या माणसापुढे असं वाक्य ठेवून सही घेणं याला फसवणूक म्हणायचं का, यावर मी स्वतः अजून डळमळतो. पण मेसेज लिहिणाऱ्याने हा कागद पाहिला असता, तर त्याला खोट्याची गरजच पडली नसती.

आणि मृत्यूंबद्दलच बोलायचं तर ते झाले पुढच्या उन्हाळ्यात, 1901 मध्ये, रीडच्या नव्हे, हुआन गितेरासच्या प्रयोगांत. गितेरास क्यूबाचाच. हलका ताप देऊन कायमची प्रतिकारशक्ती आणावी, ही फिनलेचीच जुनी आशा तो तपासत होता. त्यात मेलेल्यांत क्लारा मास ही न्यू जर्सीची परिचारिका होती, वय 25. तिला आधी डास चावून आलेला ताप सौम्य होता. ऑगस्टमध्ये ती दुसऱ्यांदा तयार झाली आणि 24 तारखेला गेली.