अपेक्षित प्रतिसाद

पाठटाचण, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं याची आधी लिहून ठेवलेली योजना, हा मराठी कथासाहित्यातला सर्वांत उपेक्षित प्रकार आहे. राज्यातले हजारो शिक्षक तो नेमानं लिहितात, मुख्याध्यापक त्यावर सही ठोकतात, आणि तरी एकाही दिवाळी अंकाला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. खरं तर कल्पनाशक्तीची एवढी झेप दुसरीकडे सापडायची नाही. घटक, उपघटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, आणि मग तो रकाना : 'अपेक्षित प्रतिसाद'. माझ्या वहीत तिथं ओळीनं लिहिलंय, 'विद्यार्थी उत्स्फूर्तपणे सूत्र सांगतील.' सांगलीत कृष्णेच्या अलीकडे किंवा पलीकडे सूत्र उत्स्फूर्तपणे सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

मी शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर काढणारी शिक्षिका. सातवी ते दहावीचं गणित माझ्याकडे आलं, कारण नवीन माणसाला आधी गणित द्यायचं आणि तो टिकला तर स्नेहसंमेलन द्यायचं, असा शाळांमध्ये रिवाज दिसतो.

टाचणातली तासिका 35 मिनिटांची असते. 5 मिनिटं पूर्वज्ञान जागृती, 20 मिनिटं विषयप्रतिपादन, 10 मिनिटं दृढीकरण. पूर्वज्ञान जागं करायला गेलं की कळतं, ते झोपलेलं नाही, ते गावाला गेलंय. तेवढ्यात शिपाईमामा सूचनावही घेऊन येतात. ती वाचून सही करावी तर वर्गशिक्षिका दारातून विचारतात, "अपार आयडीची संमतीपत्रं कुणाची राहिलीत?" अपार म्हणजे विद्यार्थ्याचा सरकारी ओळख क्रमांक, त्याला पालकांची संमती लागते. सगळा वर्ग दप्तरं उपसतो. संमतीपत्र सापडत नाही, पण हरवलेला कंपास सापडतो आणि त्यावर दोघांची मालकी निघते. उरलेल्या वेळात माझं विषयप्रतिपादन.

सातवीला ऋण संख्यांचा गुणाकार होता. मी जोरात तयारी केली. ब्रह्मगुप्तानं इ.स. 628 मध्ये धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज धरून हे नियम मांडले, हे सांगितलं. मुलं खूश. कर्ज हा विषय आमच्याकडे कुणालाच परका नाही. धनात ऋण मिळवलं तर काय, ऋणात ऋण मिळवलं तर काय, फटाफट उत्तरं आली. मग मी फळ्यावर लिहिलं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. मधल्या बाकावरचा एकजण सावकाश उठला.

"बाई, आमच्या पप्पांवर सोसायटीचं बी कर्ज हाय आणि बँकेचं बी. ती दोन गुणायची कुठं?"

अपेक्षित प्रतिसादाच्या रकान्यात हे नव्हतं. ब्रह्मगुप्ताकडेही नसावं. मी 3, 2, 1, 0, −1 असा आकृतिबंध फळ्यावर उतरवत नेला आणि चिन्ह का बदलतं ते दाखवलं. त्याला ते पटलं, पण त्याचा चेहरा पडला तो पडलाच. घरी न्यायला काहीतरी मिळेल असं त्याला वाटलं होतं.

आठवीत एक्सची किंमत काढायची असते. "बाई, काल तर एक्स पाच होता, आज सात कसा?" या प्रश्नावर बी.एड.ला एक अख्खं प्रकरण आहे : चल संकल्पना, मूर्ताकडून अमूर्ताकडे वगैरे. मी मूर्ताचं नाव काढणार एवढ्यात तासगावहून एसटीनं येणारा एकजण मागूनच ओरडला, "अरं, बेदाण्याचा दर रोज तोच असतोय व्हय?" प्रश्न मिटला. बी.एड.ची फी मात्र माझीच गेली.

नववीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नववीत मुलं उंची वाढवतात. पक्ष, साध्य, आकृती इथपर्यंत सगळे येतात आणि सिद्धतेपाशी थांबतात. परस्पर विरुद्ध कोन एकरूप असतात हे सिद्ध करा म्हटलं, तर एकीनं लिहिलं होतं, 'आकृतीत दिसतंयच.' मी लाल पेन घेऊन बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. खोटं तर नव्हतं.

दहावी म्हणजे वेगळं संस्थान. दोन भाग, प्रत्येकी 40 गुणांची लेखी परीक्षा, आणि कुठल्याही वाक्यानंतर येणारा प्रश्न, "बाई, हे बोर्डाला येतंय का?" अर्थनियोजनाच्या धड्यात मी 18 हजार मानधनावर शेअर आणि म्युच्युअल फंड शिकवते. त्यावर "बाई, तुमचे कुठले शेअर?" असं फार आपुलकीनं विचारलं जातं. जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे दर आमच्या हातातल्या पुस्तकात अजून जिवंत आहेत. बाजारात ते सप्टेंबर 2025 मध्येच वारले. किराणा दुकानदाराच्या मुलीनं हे मला सांगितलं, तेही उभी न राहता.

शंकूचं टोक कापलं की उरतो तो शंकुछेद. त्यासाठी पुस्तकात बादली आहे. मला बादली नको होती. परिसराशी सांगड घालायची म्हणून मी हरिपूरची पेवं घेतली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं ते गाव. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. फळ्यावर सुबक शंकुछेद काढला, दोन त्रिज्या दिल्या, उंची दिली. शेवटच्या बाकावरून, वर्षभर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेला मुलगा म्हणाला, "बाई, पेव असं नसतंय."

तो पुढं आला, डस्टरनं माझ्या तिरक्या बाजू पुसल्या आणि तिथं फुगीर रेषा काढल्या. माणूस उतरेल एवढंच तोंड ठेवलं. "उघडलं की लगेच उतरायचं नसतंय. आत हवा नसती. आज्जा आधी कंदील सोडायचा. इझला तर थांबायचं." मग 2005 च्या पुरात पाणी शिरून पेवांची कशी वाट लागली, ते त्यानं हातवारे करून सांगितलं. वर्गात चिडीचूप. मी हळूच विचारलं, "मग घनफळ कसं काढशील याचं?"

"घनफळ कशाला बाई? पोती मोजून टाकत्यात की."

घंटा झाली. टाचणात मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी चर्चेत सक्रिय सहभाग घेतला.' त्या वहीतलं ते पहिलं सत्यवचन असेल.

मुलांचा स्वतःचाही एक सिद्धांत आहे आणि तो कुठल्याच प्रमेयानं ढळत नाही : उत्तर देखणं आलं तर बरोबर. पूर्णांक आला की समाधान, छेद-अंश सुटसुटीत झाले तरी चालतंय. पण भाग जात नाही असा अपूर्णांक निघाला की वही मिटते आणि निकाल लागतो, "चुकलंय कुठंतरी." याला आम्हीच जबाबदार. वर्षानुवर्षं आम्ही उदाहरणंच अशी देतो की शेवटी सगळं गोड होतं.

तर संभाव्यता. पुस्तकात 52 पत्त्यांचा कॅट आहे. निम्म्या वर्गाला किलवर आणि इस्पिक यांतला फरक माहीत नव्हता. उरलेल्या निम्म्यांना फारच माहीत होता, आणि हे ज्ञान गणपतीच्या मंडपात रात्री राखणीला बसून मिळवलंय, असं समजलं. "बाई, जोकर धरायचा का?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्या दिवशी एकानं आपणहून मंडळाचा कॅट आणला. शैक्षणिक साहित्य! टेबलावर पानं मांडली. राणी येण्याची संभाव्यता चार छेद बावन्न, म्हणजे एक छेद तेरा, असं सगळा वर्ग एका सुरात ओरडला आणि दारात हेडसर उभे.

मी टाचणवही शोधू लागले. हेडसर काही बोलले नाहीत. त्यांनी पानं गोळा केली, टेबलावर ठोकून सरळ केली आणि पिसली. फर्रर्र! मी असं पिसणं फक्त लग्नाच्या जानोशाच्या खोलीत पाहिलं होतं. पोरांचे डोळे विस्फारले. मग एका हातानं पानांचा पंखा केला, चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वरून खाली नजर फिरवली.

"बदाम सत्ती नाही यात," ते म्हणाले. "तुमच्या मंडळात बदाम सात खेळतच नाहीत की काय?"

कॅट माझ्या हातात देऊन ते पुढच्या वर्गाकडे गेले. मी खडू उचलला. पानं 51, राण्या चारच. फळ्यावरचा बावन्न पुसला आणि लिहिलं, चार छेद एक्कावन्न. वर्गानं बराच वेळ भाग घालून बघितला. दोनानं जाईना, तिनानं जाईना.

"बाई," पहिल्या बाकावरची म्हणाली, "हेडसरांचं चुकलंय कुठंतरी."