ब्लोअर बाहेरून मारून भागतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लॅपटॉप उघडून आतली धूळ साफ करण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लोकांना लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, महिन्यातून एकदा बाहेरून ब्लोअर मारला की काम भागतं, असं तुमचं म्हणणं. पहिला मुद्दा मला बराचसा पटतो, दुसरा अजिबात नाही.

आधी माझी चूक. झाकण उघडल्यावर सर्वांत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं, हे लेखात लिहायचं राहून गेलं. लॅपटॉप बंद असला तरी बोर्डावर बॅटरीचा करंट असतोच, आणि स्क्रूड्रायव्हर निसटून भलतीकडे टेकला तर बोर्ड जाऊ शकतो. आज ते वाक्य लेखात घातलं. तुम्ही टोकलंत म्हणून लक्षात आलं, मनापासून आभार. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं, हेही बरोबर.

आता ब्लोअर. बहुतेक लॅपटॉपमध्ये फॅन खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटीतून बाहेर टाकतो. तिथे पातळ पट्ट्यांची एक रांग असते. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून या पट्ट्यांपर्यंत येते. दोन पट्ट्यांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा. धूळ साचते ती पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, फॅनच्या तोंडाशी, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं स्वच्छच दिसतं. खालून हवा मारली तर तो थर पट्ट्यांवर आणखी घट्ट बसतो. मागून मारली तर सुटून फॅनच्या पात्यांत पडतो, आणि लॅपटॉप चालू केला की बराचसा परत जागेवर. नव्या लॅपटॉपमधली सुटी धूळ ब्लोअरने निघते. जमलेला थर निघत नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीचा चार वर्षांचा लॅपटॉप उघडला. तो रोज जेवणाच्या टेबलावर असतो, ओट्यापासून चार हातांवर. फोडणीचा तेलकट धूर, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट, रात्री गादीवर ठेवला की कापसाचे तंतू. चिमट्याने जे निघालं त्याला धूळ म्हणवत नाही. बोटभर लांबीची, नमद्यासारखी सलग करडी पट्टी होती, हाताला चिकट लागणारी. बाहेरून ब्लोअर बहीण नेमाने मारत होती! व्हिडिओ कॉल चालू असताना प्रोसेसर ९६ अंश दाखवायचा, त्या संध्याकाळी तो ७४ वर आला. प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारा जो लेप असतो, त्या थर्मल पेस्टला मी हातही लावला नव्हता. फार तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तिला वाटलं लॅपटॉप जुना झाला, आणि ती नव्याचे पैसे जमवत होती. माझा जीव तुटतो तो इथे.

ब्लोअर मीही वापरतो, पण झाकण उघडून, थर काढून झाल्यावर, आणि फॅनचं पातं काडीने अडवून. फॅन मोकळा सोडला तर तो नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. बाहेरून मारताना पातं अडवणार कसं?

तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल कळवाल का? काहींमध्ये फॅनपर्यंत पोचायला अख्खा मदरबोर्ड काढावा लागतो. तसा असेल तर तुमचंच खरं, घरी उघडू नका, कारागिराकडे द्या आणि समोर बसून साफ करून घ्या.