स्टेशन चिराबाजारात, नाव काळबादेवी, भांडण ठाकूरद्वारला

रविवारचा आमचा कोरम गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावर जमला होता. बाळ्या मेट्रोने आला होता आणि आल्या आल्या सुरूच झाला, की 37 हजार कोटी घातलेत म्हणे या भुयारी मेट्रो तीनवर, आणि आत शिरलं की चाल चाल चालायचं, जिना, मग वळण, मग परत जिना, अरे सरळ रस्त्याखाली प्लॅटफॉर्म टाकायला काय झालं होतं, वर जेएसएस म्हणजे जगन्नाथ शंकरशेट रोड, खाली स्टेशन, विषय संपला.

सुध्या सिव्हिलवाला. काँक्रीटचा विषय निघाला की त्याचा चहा गार होतो. म्हणाला, भुयारी स्टेशन करायची नेहमीची रीत काय, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना जमिनीत पाईलची भिंत उतरवायची, मधलं सगळं खणून काढायचं, वर तात्पुरतं डेक टाकून गाड्या सोडायच्या आणि खाली मोठा डबा बांधायचा. वरच्या मजल्यावर तिकीट आणि गेटं, त्याखाली प्लॅटफॉर्म. ज्यांच्याकडे रुंद रस्ता आहे त्यांचं असंच होतं. आता तूच सांग, आपल्या जेएसएस रोडवर तो डबा कुठे बसतो? दोन्ही बाजूला चाळी, त्यातल्या कितीतरी शंभरी गाठलेल्या, लाकडी तुळया, पाया म्हणजे दगडचुना. डबा रुंद केला की चाळी गेल्या.

मन्या मधेच, "पण कलकत्त्याला केलंच की रस्ता उघडून, 1984 ला चालू पण केली, देशातली पहिली."

सुध्या म्हणाला, "हो केली, आणि 1972 ला पायाभरणी झाली होती, मधली बारा वर्षं धर. बारा वर्षं हा रस्ता उघडा ठेवला असता तर गणपती चौपाटीला कुठून नेला असतास?"

यावर मन्या गप्प. गणपतीचं नाव काढलं की गिरगावात वाद संपतो, हा मला जरा अन्यायच वाटतो पण असो.

तर गिरगाव आणि काळबादेवी स्टेशनला काय केलं, की रस्त्याच्या कडेच्या काही इमारती घेतल्या, तिथून खाली खड्डा उतरवला आणि त्या खड्ड्याच्या तळातून आडवं खणत रस्त्याखाली आणि इमारतींखाली प्लॅटफॉर्मची गुहा केली. न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड म्हणतात. भुयारं टीबीएमने, म्हणजे बोगदा खणायच्या अजस्त्र मशीनने झाली पण ही गुहा टीबीएमची नाही, ही थोडी थोडी खणायची, मीटर-दोन मीटर पुढे गेलं की लगेच काँक्रीटचा फवारा, खडकात बोल्ट, मग मोजायचं की छत किती हललं, आणि आकडा बरा असेल तरच पुढे. वरच्या चाळींच्या भिंतींवर ते छोटे चकचकीत टार्गेट लावलेले आठवतात ना, ते त्यासाठीच, भिंत किती खचली किती कलली ते बघायला. आमच्याकडे तर पोरांनी त्यांना कॅमेरा समजून हात हलवले होते.

म्हणजे बाळ्या जी वळणं मोजतो ती खालची नाहीतच, ती वरची आहेत. जिथे इमारत मिळाली तिथे तोंड, जिथे मिळाली नाही तिथे आडवा रस्ता. स्टेशनचा नकाशा वरच्या जागेने ठरवलाय, मला तरी हे पटलं, फक्त आत पाट्या जास्त लावायला काय जातं हा बाळ्याचा मुद्दा पण खरा आहे.

मन्या मोबाईल काढून परत आला, "आणि कलकत्त्यालाच 2019 ला बऊबाजारला काय झालं ते सांग." ते खरंच भयानक होतं. ईस्ट-वेस्ट मेट्रोचं टीबीएम पाण्याच्या थराला लागलं, पाणी आणि गाळ भुयारात आला, वरची जमीन खचली, जुनी घरं पडली, शेकडो लोकांना रातोरात बाहेर काढलं. आपल्याकडे चाळीतले लोक घाबरले ते काय उगाच नाही. सुध्याचं म्हणणं तिकडे गंगेचा गाळ, इकडे बेसॉल्ट आणि ब्रेशिया, तुलनाच नाही. मन्याचं म्हणणं खडक असला तरी वरची चाळ तीच आहे ना. पारशी लोक पण धोबीतलावच्या आतशबेहरामसाठी, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरासाठी 2018 ला कोर्टात गेलेच होते, हायकोर्टाने आधी स्थगिती दिली मग उठवली. आणि याच मेट्रोचं आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन दोन-अडीच आठवडे झाले नाहीत तोच 26 मे 2025 ला पहिल्या जोरदार पावसात पाणी आत, कारण एका प्रवेशद्वाराचं काम अर्धवट होतं. अत्रे असते तर अग्रलेख लिहून काढला असता. यावर सगळे एकदम हसले, सुध्या सोडून.

इतका वेळ नान्या बोलला नव्हता. त्याची खोली गेलीय यात. तो म्हणाला, "तुम्ही सगळे प्लॅटफॉर्म प्लॅटफॉर्म करताय. प्लॅटफॉर्म तर खाली आहे, वर काय लागतं ते सांग ना सुध्या."

आणि सुध्याने सांगितलं, जरा हळू आवाजात. भुयारात हवा फिरवायला मोठे पंखे, आग लागली तर धूर ओढायला तेच पंखे उलटे, त्यांची हवा बाहेर पडायला वर शाफ्ट, एसीचं चिलर, वीज, इमर्जन्सीचे जिने. हे सगळं कुठेतरी जमिनीवर निघायलाच लागतं, त्याला पर्याय नाही. नान्या म्हणाला, "म्हणजे माझा ओटा होता तिथे तुमचा पंखा." त्याच भागात घर मिळेल असं सांगितलंय त्याला, आत्ता तो बदलापूरला भाड्याने राहतो आणि इथे यायला आधी लोकल पकडतो.

कोणीच काही बोललं नाही मग बाळ्यानेच विषय बदलला आणि नावावर आला. काळबादेवी स्टेशन चिराबाजारात का, आणि जगन्नाथ नाना शंकरशेटांच्या नावाचा रस्ता आपल्या डोक्यावरून जातो, तर त्यांचं नाव मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला कसं. मन्या म्हणतो सेंट्रल मोठं स्टेशन, मोठ्या माणसाला मोठं स्टेशन, रेल्वे आणायला झटले ते. सुध्या म्हणतो मग गिरगावचंच नाव बदला. नान्या म्हणतो खबरदार गिरगावचं नाव बदललंत तर, आधीच इथे गिरगावकर किती उरलेत.

साडेनऊपर्यंत हेच चाललं होतं.