वॉटर प्युरिफायर पुरे झाले, आता पगाराचे बघा

आमच्या तालुक्याच्या गावातील सेवा क्लबचा मी जुना सभासद आहे आणि एका लहानशा सार्वजनिक न्यासाचा खजिनदारही आहे. त्यामुळे देणगी देणाऱ्यांच्या रांगेत आणि देणगी मागणाऱ्यांच्या रांगेत, अशा दोन्हीकडे माझे बसणे-उठणे असते. या अनुभवावरून माझे एक मत पक्के झाले आहे. रोटरी, लायन्स किंवा तत्सम क्लबांनी स्वयंसेवी संस्थांना वस्तू देणे बरेचसे कमी करावे आणि संस्थांच्या चालू खर्चाचा, त्यातही माणसांच्या पगाराचा, ठरावीक वाटा काही वर्षांसाठी उचलावा. हे मत आमच्या सभेत फारसे रुचत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या सभेचा साचा ठरलेला आहे. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होते, सचिव सूचना वाचून दाखवतात, आठवड्यातल्या वाढदिवसांना गुलाबाचे फूल मिळते आणि मग पाहुण्यांचा परिचय होतो. मध्यंतरी अशाच एका सभेला विशेष मुलांची शाळा चालवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी वीस मिनिटे फार नेटके विवेचन केले. "आपल्याला नेमके काय हवे आहे?" असा प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्या म्हणाल्या की फिजिओथेरपिस्ट सोडून गेली आहे आणि नव्या मुलीला देण्याइतका पगार संस्थेकडे नाही. सभागृहात थोडी चुळबूळ झाली. मग आमचे एक ज्येष्ठ सभासद अगदी मनापासून म्हणाले, "ताई, काहीतरी वस्तुरूपात सांगा ना, म्हणजे आम्हाला बोर्डापुढे ठेवता येईल." बाईंनी क्षणभर विचार केला आणि पाण्याचे मशीन सांगितले. ते लगेच मंजूर झाले, टाळ्या झाल्या आणि आभारप्रदर्शन उरकून आम्ही जेवायला गेलो.

पुढे त्या शाळेत जाण्याचा योग आला. व्हरांड्यात दोन प्युरिफायर आधीपासूनच होते आणि दोन्हींवर देणगीदारांच्या नावांच्या पितळी पाट्या होत्या. त्यांपैकी एक बंद होता, कारण त्याची कँडल बदलण्याचा खर्च कोणाच्याच देणगीत बसत नव्हता. आमचा तिसरा त्यांच्या शेजारी बसवला गेला. व्यायामाच्या खोलीतली समांतर दांडी, गाद्या, मोठा चेंडू, सगळे व्यवस्थित होते. तेही कोणीतरी दिलेलेच. मुलांचे हातपाय धरून त्यांना चालवणारे माणूस तेवढे नव्हते.

यात आमच्या सभासदांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ही सवय लागण्याची कारणे व्यवस्थेत आहेत. क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते, दर वर्षी अध्यक्ष बदलतो आणि प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षाची ओळख राहील असे काही करायचे असते. वस्तूचे उद्घाटन करता येते. पगाराचे करता येत नाही. दुसरे कारण नियमांचे आहे. रोटरी फाउंडेशन ही रोटरीची मध्यवर्ती निधी देणारी संस्था; तिच्या 'ग्लोबल ग्रँट' या मोठ्या अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि सहयोगी संस्थेचा चालू व प्रशासकीय खर्च त्या अनुदानातून भागवता येत नाही. जगभरातल्या क्लबांच्या पैशाचा हिशेब ठेवायचा असल्यामुळे फाउंडेशनचा हा नियम मला समजतो. पण हा नियम त्या अनुदानापुरता आहे. क्लबने स्वतःच्या सभासदांकडून गोळा केलेल्या निधीला तो लागू होत नाही. तरीही आम्ही तोच नियम आमच्या चाळीस-पन्नास हजारांच्या देणगीलाही लावत आलो आहोत.

तिसरे कारण मात्र मनातले आहे आणि ते उघड बोलले जात नाही. संस्थेतल्या माणसाने पगार घेतला की त्याची सेवा कमी प्रतीची ठरते, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात खोल रुजलेली आहे. योगायोगाची गोष्ट अशी की १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये पॉल हॅरिस यांनी रोटरीची पहिली बैठक घेतली आणि त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. गोखल्यांच्या कल्पनेत सेवक पूर्ण वेळ देणार होता. त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद भारत सेवक समाज करणार होता. ती साधी असेल, पण असेल, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका धान्याची जी मूठ बाजूला काढून ठेवत, ती मुलांच्या रोजच्या भाकरीसाठी होती. चालू खर्च भागवण्याची परंपरा आपल्याकडे होतीच. पाटी लावण्याची सवय मागाहून आली. शिवाय आमच्या क्लबात स्वतःची रुग्णालये चालवणारे डॉक्टर आहेत. यंत्रांचे हप्ते एकदा फिटतात, परिचारिकांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात, हे त्यांना मी सांगायला हवे असे नाही.

आज हा मुद्दा अधिक निकडीचा झाला आहे, कारण संस्थांकडे येणाऱ्या पैशाच्या इतर वाटा एकतर आक्रसल्या आहेत किंवा जखडल्या गेल्या आहेत. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने घेतलेली परदेशी देणगी लहान संस्थेकडे वळवणे पूर्णपणे थांबले. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा २०१४ पासून कायद्याने सुरू झाला खरा, पण तो प्रकल्पाच्या चौकटीत येतो आणि बहुधा कंपनीच्या कारखान्याच्या आसपास खर्च होतो. ज्या तालुक्यात मोठा कारखाना नाही तेथे तो पोहोचत नाही. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत, जिला आपण सारे '८०जी' म्हणतो ती देणगीवरची वजावट मिळत नाही. मार्च महिन्यात पावतीसाठी का होईना, पण पाच-दहा हजार देणारे नोकरदार आणि निवृत्त लोक हा लहान संस्थांचा मोठा आधार होता. नवी प्रणाली पत्करलेल्या माणसाकडे आता केवळ इच्छा उरते, आणि इच्छेला ३१ मार्चची मुदत नसते. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक विश्वासाने धनादेश पाठवतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या यादीत अशा किती संस्था बसणार? उरलेल्यांसाठी, कोणत्याही चौकटीत न अडकलेला पैसा देऊ शकेल असा गावातला गट म्हणजे आमच्यासारखे क्लब.

पैशाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आमच्याकडे आहे आणि ती आम्ही जवळजवळ वापरतच नाही. क्लबचे सभासदत्व वेगवेगळ्या व्यवसायांतून असावे, हे रोटरीचे जुने तत्त्व आहे. त्यामुळे आमच्या एका सभेत सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद, बँक अधिकारी आणि छापखानेवाले असे सगळे एकत्र बसलेले असतात. लहान संस्था कोठे अडतात ते पाहा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो; तो राहून जातो आणि मृत विश्वस्ताचे नाव वर्षानुवर्षे त्या कार्यालयाच्या नोंदीत तसेच राहते. प्राप्तिकर खात्याकडे देणगीदारांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क लागते. ही कामे करायला संस्थेत कोणी नसते, कारण हिशेबनिसाचा पगार हाही पुन्हा 'प्रशासकीय खर्च'च. आमच्या दोन लेखापालांनी मे महिन्यातल्या दोन रविवारी क्लबच्या सभागृहात बसून तालुक्यातल्या संस्थांची ही कामे करून दिली, तर त्याची किंमत चार शिलाई यंत्रांपेक्षा निश्चितच जास्त भरेल. (त्याचे छायाचित्र चांगले येणार नाही, हे मान्य.)

दर वर्षी अध्यक्ष बदलणाऱ्या क्लबाला दीर्घकाळ एका कामाला धरून राहणे जमणार नाही, असे मला सांगण्यात आले. यावर उत्तर रोटरीच्याच इतिहासात आहे. पोलिओ निर्मूलनाची मोहीम रोटरीने १९८५ साली हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. या काळात प्रत्येक क्लबात पंचविसाहून अधिक अध्यक्ष येऊन गेले. काम तेच राहिले. त्यात शासन, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविका यांचा वाटा फार मोठा आहे, पण क्लबांनी चिकाटी दाखवली हेही तितकेच खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पगार देत राहिलो तर संस्था आपल्यावर अवलंबून राहील. हा धोका खरा आहे. म्हणून मदत तीन वर्षांची असावी, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ती उतरत जावी आणि त्या काळात संस्थेने स्वतःचे देणगीदार उभे करावेत, यासाठी क्लबने आपल्या ओळखी वापराव्यात. दर तिमाहीला दोन सभासदांनी संस्थेत जाऊन हिशेबाची वही आणि हजेरीपट पाहावा. मुलांना ओळीत उभे करून स्वागतगीत म्हणायला लावू नये. तपासणी कडक असावी, पण ती कागदांची असावी.

येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी मी नियोजित अध्यक्षांकडे लेखी प्रस्ताव दिला आहे. पदग्रहण समारंभातल्या शाली, स्मृतिचिन्हे आणि फ्लेक्स यांचा खर्च निम्मा करावा, पाहुण्यांचे जेवण साधे ठेवावे आणि वाचलेल्या रकमेत सभासदांनी दरमहा थोडी भर घालून त्या शाळेच्या फिजिओथेरपिस्टचा तीन वर्षांचा पगार द्यावा, असे त्यात म्हटले आहे. बोर्डाच्या बैठकीत तो चर्चेला येईल. विरोध होईल आणि तो कोण करील याचाही मला अंदाज आहे. तीन वर्षांचा शब्द पाळला जावा म्हणून पुढच्या दोन अध्यक्षांनीही आजच सही करावी, ही प्रस्तावातली अट सर्वांत अडचणीची ठरेल असे दिसते. इतर गावांतल्या ज्या क्लबांनी एखाद्या संस्थेशी असा बहुवर्षीय करार केला असेल, त्यांनी त्याचा मसुदा मला अवश्य पाठवावा. विशेषतः मागच्या अध्यक्षाने दिलेला शब्द पुढच्यावर बंधनकारक कसा केला, ते कलम मला पाहायचे आहे.