‘कायदा सगळ्यांना सारखाच आहे’ : चाकणच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

कंत्राटी कामगारांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, बरं वाटलं. तुम्ही स्वतः कंपन्यांना माणसं पुरवता आणि पीएफ, ईएसआय वेळेवर भरता. तुमचं म्हणणं असं, की कायदा पर्मनंटला आणि कंत्राटीला सारखाच आहे, उरलंसुरलं केंद्राने जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या श्रमसंहितांनी मिटवलं, आणि ज्या युनियनची मी बाजू घेतो तिने तुमच्या कंत्राटी पोरांना कधी दारातही उभं केलं नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. वेतनकरार होतो, पर्मनंटच्या पगारात घसघशीत वाढ होते आणि त्याच लाइनवर तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोराचा त्या कागदावर उल्लेखही नसतो. अनेक ठिकाणी युनियनने हे डोळ्यांदेखत चालू दिलं आहे. (पेढा मात्र त्यालाही मिळतो.)

पण ‘कायदा सारखाच’ हे पटत नाही. युनियनमध्ये गेला म्हणून पर्मनंट कामगाराला छळलं, तर त्याच्यासाठी महाराष्ट्राने 1971 साली स्वतंत्र कायदाच केला, एमआरटीयू-पीयूएलपी, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा. थेट औद्योगिक न्यायालयात जायचं, अनुचित कामगार प्रथेची तक्रार दाखल करायची, अंतरिम आदेश मागायचा. तीच तक्रार घेऊन तुमचा पोरगा कंपनीविरुद्ध गेला, तर कंपनीला एकच ओळ लिहायची असते : हा आमचा कामगार नाही. 2001 मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल, तर ते आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली सिद्ध करून या. त्याच वर्षी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी ठरवलं, की एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी तिथला कामगार आपोआप कायम होत नाही. कंत्राट हा निव्वळ देखावा होता, हे त्याला दाखवून द्यावं लागतं.

दाखवून द्यायला किती वर्षं लागतात? मुंबई महापालिकेचं बघा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने 2,700 सफाई कामगारांसाठी दावा लढवला. न्यायाधिकरणाचा निकाल 2014 मध्ये कामगारांच्या बाजूने लागला. पालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली, सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही 2017 मध्ये हरली. त्यानंतरही नावांची स्पेलिंगं जुळत नाहीत, कागद अपुरे आहेत, म्हणून कित्येकांचं काम अडलं. मुंबईत ज्यांनी रोज कचरा उचलला, त्यांना आपण कोणाचे कामगार आहोत हे दिल्लीपर्यंत जाऊन सांगावं लागलं. पाठीशी संघटना होती म्हणून ते तिथवर टिकले. एकटा माणूस तारखांना किती दिवस येणार? घर चालवायला तो एव्हाना दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलेला असतो.

आणि युनियनचा फॉर्म भरलेल्या कंत्राटी पोराला कोणी बडतर्फ करत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. गेटपास बंद होतो, बस. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो कंपनीनेच माणसं कमी केली. दोघंही खोटं बोलत नसतात, हीच तर गंमत.

आता नव्या संहिता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू आहेत आणि आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगारांना बंदी आहे. पण साफसफाई, कचरा, कॅन्टीन, पहारा, मालाची चढउतार ही कामं सहसा मुख्य कामात धरलीच जात नाहीत. शिवाय जे मुख्य काम एरवी ठेकेदाराकडूनच करून घेतलं जातं, त्यालाही सूट आहे. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू व्हायला पन्नास माणसं लागतात. जुन्या केंद्रीय कायद्यात ती वीस होती, आणि महाराष्ट्राने ती आधीच पन्नासवर नेलेली होती. मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. एकाहून जास्त युनियन असतील, तर वाटाघाटीचा हक्क 51 टक्क्यांवर ठरणार, आणि ते टक्के मोजायचे आस्थापनेच्या मस्टरवरच्या कामगारांतून. तुमची पोरं कंपनीच्या मस्टरवर नसतात. मग कोणत्या युनियनला त्यांची गरज वाटावी? युनियन दारात उभं करत नाही ही तुमची तक्रार इथे कायद्यानेच पक्की केली आहे.

‘मग ठेकेदार बंद करायचे का?’ असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर 1969 च्या माथाडी कायद्यात आहे. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात; पण त्याची नोंदणी सरकारने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (जादा आकार) मालकाने मंडळात भरायची, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी मंडळाने बघायची. एका मालकाने नको म्हटलं, तरी त्याची नोंद पुसली जात नाही. बोगस माथाडींच्या नावाने तुमच्या भागात जी वसुली चालते ती मला माहीत आहे, आणि ती मोडलीच पाहिजे. पण मंडळाची रचना त्यामुळे चुकीची ठरत नाही.

एक विनंती. तुमच्या कंपनीबरोबरच्या करारात किती दिवसांच्या नोटिशीवर तुमचं कंत्राट संपवता येतं, ते कलम काढून बघा. आणि तसं झालं तर तुमच्या पोरांना तुम्ही किती दिवसांचा पगार देऊ शकाल, तेही लिहा. नाव न देता पुढच्या लेखात घेईन.